जाऊन-येऊन होतं का?

परभणीत अंतर किलोमीटरात सांगायची पद्धत नाही. नांदेड किती लांब म्हणून विचारलं, तर उत्तर येतं, "गाडी असली तर दीड तास, एस.टी.नं दोन-अडीच, अन् रेल्वे वेळेवर आली तर तासात." एकाच गावाची तीन अंतरं, आणि तिन्ही खरी. किलोमीटर विचारणारा माणूस एक तर बाहेरगावचा असतो, नाही तर टी.ए. बिल भरत असतो.

अशा गावात राहून मला भलताच नाद लागलाय. दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यामधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणाऱ्या वेबसाइट असतात, त्या मी रिकाम्या वेळी उघडून बसते. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवून शिकवून लागलेली ही खोड आहे. नकाशावर एक निळी रेघ उमटते आणि खाली आकडा येतो: छत्रपती संभाजीनगर ते मुंबई, २७९ किलोमीटर. वेळ, पन्नास-एक मिनिटं. आकडा बरोबरच असतो. फक्त त्या पन्नास मिनिटांत प्रवास केलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही.

हे २७९ येतात कुठून? प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवून दिलेला असतो, साधारण धावपट्टीच्या मध्याजवळ. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळाचा तो बिंदू १९.८६ उत्तर अक्षांश आणि ७५.४० पूर्व रेखांशाच्या जवळपास, मुंबईचा १९.०९ आणि ७२.८७ च्या. या दोन बिंदूंना जोडणारी, पृथ्वीच्या पाठीवरून जाणारी सगळ्यात जवळची वाट मोजायची. त्या वाटेला बृहद्वृत्त म्हणतात. वर्गात मी ते मोसंबीवर दोरा ताणून दाखवते. जालन्याची मोसंबी आमच्याकडं कुठंही मिळते, आणि तास संपल्यावर ती कोण खाणार यावरून जेवढी चर्चा होते तेवढी बृहद्वृत्तावर होत नाही. दिल्ली ते न्यूयॉर्क दोरा ताणला की तो पार ध्रुवाकडं सरकतो, पोरं माना पुढं काढून बघतात. संभाजीनगर ते मुंबई दाखवायला गेलं, तर मोसंबीवर दोन टाचण्या टोचायलाच जागा मिळत नाही. इतक्या जवळच्या अंतराला पृथ्वीचा गोलावा आडवा येत नाही. नकाशावर पट्टी ठेवून मोजलं तरी तेच उत्तर निघतं.

वैमानिक मात्र किलोमीटर वापरत नाहीत. त्यांचं माप सागरी मैलाचं, म्हणजे अक्षांशाच्या एका मिनिटाएवढी लांबी, १.८५२ किलोमीटर. त्या मापानं हे अंतर १५१ सागरी मैल भरतं. गोदावरीच्या काठच्या तुरीच्या आणि कापसाच्या रानांवरून जाताना वर कुणीतरी समुद्राच्या मापानं मोजत चाललेला असतो, याची मला उगीचच मौज वाटते.

अंतराचा प्रश्न असा सुटतो. वेळेचा सुटत नाही. या पट्ट्यात उडणारं एअरबससारखं जेट वर पोचल्यावर ताशी ८०० किलोमीटरच्या पुढं पळतं. नुसता भागाकार केला तर २७९ ला वीस-एकवीस मिनिटं. म्हणून वेबसाइटवाले त्यात ठोक अर्धा तास घालतात, चढण्या-उतरण्याचा. तिकिटावर बघावं तर तासापेक्षा जास्त लिहिलेलं. आता दिल्ली घ्या. संभाजीनगरहून दिल्ली ९८२ किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट. वेळ साडेतीनपट लागतो का? दोन तासांच्या आसपास, दुप्पटही नाही. जवळ जाणाऱ्यालाच दर किलोमीटरला जास्त वेळ मोजावा लागतो. हे रिक्षाच्या मीटरसारखं आहे, पहिला टप्पा सगळ्यात महाग.

असं होतं याचं कारण विमानाच्या उतरणीत आहे. उतरायचा त्यांचा एक ठोकताळा असतो: जितके हजार फूट उंचीवर आहात, त्याच्या तिप्पट सागरी मैल अगोदर उतरायला लागा. म्हणजे ३० हजार फुटांवर असाल तर ९० सागरी मैल, १६७ किलोमीटर. मुंबईपासून एवढं मागं मोजत आलो तर आपण लोणी-संगमनेरच्या डोक्यावर असतो. एकूण वाट २७९ ची, त्यातली १६७ उतरण्यात जाणार. उरलेल्या शंभर-सव्वाशेत चढायचं. म्हणून एवढ्या छोट्या पल्ल्याला विमान फार वर जातच नाही. चढण संपते न संपते तोच उतार लागतो, आणि ताशी ८०० चा तो मानाचा वेग अंगाला लागायच्या आतच कमी करावा लागतो.

शिवाय तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. जागेवर उभ्या विमानाच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान हललं की घड्याळ सुरू, आणि दुसऱ्या गावी जागेवर उभं राहून पुन्हा ठोकळे लागले की बंद. मधलं सगळं धरायचं: ढकलगाडीनं मागं सारणं, धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, तिथं नंबर लागण्याची वाट पाहणं. शिवाय कंपन्या वर आणखी थोडी ढील ठेवतात. म्हणूनच उशिरा सुटलेलं विमानसुद्धा कधीकधी वेळेआधी पोचतं आणि तशी अभिमानानं घोषणा होते. आमच्या पॅसेंजर गाड्यांनाही शेवटच्या स्टेशनाआधी अशीच भरपूर मिनिटं दिलेली असतात. तिथं मात्र घोषणा कुणी करत नाही.

हे सगळं मला पुस्तकातून ठाऊक होतं. आईला घेऊन गेले तेव्हा ते मांडीला मांडी लावून बसलं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मुंबईत करायचं ठरलं होतं. दादा मुलुंडला असतो. देवगिरी एक्स्प्रेसचं तिकीट वेटिंगवर अडकलं होतं, आणि रात्रभर बर्थवरून खाली-वर करणं आईला जमणारं नव्हतं. दादा म्हणाला, "विमानानं या, तासाचा तर प्रश्न आहे." नांदेडची विमानसेवा त्या दिवसांत बंद होती. म्हणजे चिकलठाणा. म्हणजे आधी परभणीहून संभाजीनगर, पावणेदोनशे किलोमीटर रेल्वेनं, मुंबईच्याच रुळांवरून.

या रेल्वेची एक गंमत आहे. परभणीकडून येताना गाडी चिकलठाण्यावरून, विमानतळाच्या अगदी जवळून जाते. एक्स्प्रेस तिथं थांबत नाही. ती तुम्हाला पुढं मोठ्या स्टेशनावर नेऊन उतरवते, आणि मग रिक्षा करून दहा-एक किलोमीटर जालना रोडनं तुम्ही उलटे परत येता. सिग्नल, उड्डाणपूल, पुन्हा सिग्नल. आई शेवटी म्हणालीच, "आपुन मागं कामून चाललाव?"

विमान सुटण्याच्या तासभर आधी विमानतळावरचा काउंटर बंद होतो. म्हणून लोक दोन तास आधी येतात. आणि रेल्वेचा भरवसा नाही म्हणून परभणीची माणसं त्याच्याही आधी. आईनं खुर्चीत बसल्या बसल्या डबा उघडला. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. शेजारी लॅपटॉप मांडून बसलेल्या मुलाला तिनं एक धपाटं चटणी लावून, कागदात गुंडाळून दिलं. त्यानं आधी नको म्हटलं, मग खाल्लं, मग अजून एक मागून घेतलं. तो पैठण रोडच्या कुठल्याशा कारखान्यात पुण्याहून बदलून आलेला. दर आठवड्याला मुंबईला मीटिंग, सकाळी जायचं, रात्री परत. "जाऊन-येऊन होतं," तो म्हणाला.

ते जाऊन-येऊन माझ्या डोक्यात राहिलं. त्याच्यावर पुढं येते.

खिडकीतून मला ठोकळे दिसत होते. चमकत्या जाकिटातला एक माणूस वाकला, दोरीला बांधलेले ते पिवळे ठोकळे त्यानं चाकापासून ओढले, दोन्ही एका हातात धरले आणि अंगठा वर करून बाजूला झाला. माझ्या दृष्टीनं प्रवासाचं अधिकृत घड्याळ तेव्हा सुरू झालं. आईचं पहाटेच सुरू झालेलं होतं.

चिकलठाण्याला विमान धावायला लागलं की आमच्या पिढीच्या माणसाच्या मनात एक गोष्ट येतेच. २६ एप्रिल १९९३. दिल्ली, जयपूर, उदयपूर करत आलेलं इंडियन एअरलाइन्सचं बोईंग ७३७ दुपारी एकच्या सुमारास इथून मुंबईला निघालं. त्या वेळी धावपट्टीच्या टोकापलीकडं जेमतेम शे-सव्वाशे मीटरवरून बीडचा रस्ता जायचा. त्या रस्त्यानं कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. जमिनीवरून उशिरा सुटलेल्या विमानाचा डावा भाग ट्रकला धडकला, पुढं काही किलोमीटरवर ते विजेच्या तारांत सापडून कोसळलं. विमानातले ११८ पैकी ५५ जण गेले. चौकशीत वैमानिकांची उड्डाण घेण्यातली चूक नोंदवली गेली, आणि सोबत हेही, की विमान उडण्याच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नव्हती.

तेव्हा टी.व्ही.वर जळालेलं विमान दाखवलं होतं, पण आमच्या घरात चर्चा ट्रकची झाली. कापसाच्या गाठींचा ट्रक आम्हाला माहीत होता. ओव्हरलोड, मागून डोलणारा, रस्त्याच्या मधोमध चालणारा, ज्याच्या मागं एस.टी. तासभर रखडायची. मराठवाड्यातली सगळ्यात हळू गोष्ट आणि सगळ्यात वेगवान गोष्ट एका जागी एका क्षणाला आली. मी वर्गात वेग, वेळ, अंतर शिकवते, पण हे उदाहरण मी कधी दिलेलं नाही. पुढं धावपट्टी वाढवली. आता ती २८०० मीटरच्या आसपास आहे. उन्हाळ्यात हवा तापली की विरळ होते, पंखांना कमी आधार मिळतो, विमानाला जास्त पळावं लागतं. चाळीस अंशांच्या गावाला लांब धावपट्टी म्हणजे मिरवायची गोष्ट नव्हे, तिची गरजच असते.

विमान उचललं तशी आईनं माझं मनगट धरलं. मग थोड्या वेळानं सोडून खाली बघितलं आणि म्हणाली, "पाणी दिसायलंय." कुठलं धरण होतं कोण जाणे. ती मात्र ते जायकवाडीच म्हणून ठरवून बसली, कारण माहेरच्या शेतात जायकवाडीच्या कालव्याचं पाणी यायचं आणि तिच्या लेखी धरण एवढं एकच. मी वाद घातला नाही.

मुंबई जवळ आली आणि विमान वळलं. परत वळलं. समुद्र डाव्या हाताला दिसला, थोड्या वेळानं उजव्या. "आपुन कुठं आलाव गं?" मुंबईवर आलो होतो, पण उतरायला जागा नव्हती. मुंबईच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत खऱ्या, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळं एका वेळी काम एकीवरच चालतं. त्या एकीवर २०१८ च्या जूनमध्ये चोवीस तासांत हजारावर विमानांची ये-जा झाली होती. एवढ्या गर्दीत ज्याचा नंबर नाही त्याला वर घिरट्या घालायला लावतात. त्या घिरटीचंही माप ठरलेलं आहे: एक मिनिट वळायला, एक मिनिट सरळ, पुन्हा एक वळायला, एक सरळ. एक फेरी चार मिनिटांची. पंचवीस-तीस किलोमीटर उडून विमान जिथं होतं तिथंच येतं. वेबसाइटवरच्या निळ्या रेघेत या फेऱ्या नसतात. तशी ती रेघ कुठलंच विमान तंतोतंत चालत नाही. निघताना वाऱ्याच्या तोंडावर धावायचं, मग ठरलेल्या हवाई वाटेला लागायचं, मुंबईत ज्या बाजूनं उतरणं चालू असेल त्या बाजूला वळसा घालून यायचं.

आणि मग मुंबईचा रस्ता. त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार? पहाटे अंधारात निघालेलो आम्ही दादाच्या दारात पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवगिरीनं रात्री जेवून बसलो असतो तर सकाळच्या चहाला पोचलो असतो. वहिनीनं विचारलं, "कसा झाला विमानप्रवास?" आई म्हणाली, "इमानात होतो तेवढाच येळ बरा गेला. बाकी मेला सगळा बसण्यातच."

एवढ्या एका वाक्यात तिनं माझा विषय संपवला होता, पण मी भूगोलाची शिक्षिका, मला तो संपवता येत नाही.

सूर्याचंच बघा. नांदेडच्या विमानतळाचा रेखांश ७७.३, मुंबईचा ७२.९. फरक साडेचार अंशांच्या जरा आत. दर अंशाला चार मिनिटं धरली, तर नांदेडला माथ्यावर आलेला सूर्य अठराव्या मिनिटाला मुंबईच्या विमानतळावर माथ्यावर येतो. अंतर ४६७ किलोमीटर. कुठलंही प्रवासी विमान त्याला गाठू शकत नाही. जुन्या ज्योतिषांना हा फरक चांगला ठाऊक होता. उज्जैनीवरून जाणारी रेषा मूळ धरायची, आपलं गाव तिच्या पूर्वेला-पश्चिमेला किती योजनं आहे ते काढायचं आणि ग्रहगणितात तेवढी दुरुस्ती करायची, तिला ते देशांतर संस्कार म्हणत. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पार्थपूरला, म्हणजे आपल्या पाथरीला, ज्ञानराज नावाचा गणिती-ज्योतिषी होऊन गेला. परभणी जिल्ह्यातला माणूस दोन गावांमधलं अंतर वेळेत मोजत बसलाय, हे काही नवं नाही. त्याला फक्त सिक्युरिटीच्या रांगेचा संस्कार करावा लागत नव्हता.

आता त्या जाऊन-येऊनकडं येते.

आमच्याकडं कुठल्याही प्रवासाचं खरं माप हेच आहे. तासही नाहीत, किलोमीटर तर नाहीतच. सकाळी निघून, काम उरकून रात्री घरी परतता येतं का? येत असेल तर गाव जवळ. येत नसेल तर लांब, कारण मग मुक्काम आला, मुक्कामाचा खर्च आला, जनावरांना बघायला कुणाला तरी सांगणं आलं, दुसऱ्या दिवसाची मजुरी बुडणं आलं. दोनशे किलोमीटरवरचं गाव जवळ असू शकतं आणि ऐंशी किलोमीटरवरचं लांब. शेवटची एस.टी. किती वाजता आहे त्यावर ते ठरतं.

मराठवाड्याचा अर्ध्या शतकाचा इतिहास या मापानं सांगता येईल. निजामाच्या काळी आमची सगळी कामं हैदराबादेत. कोर्ट हैदराबादचं, मोठा दवाखाना हैदराबादचा, रेल्वेचं तोंड हैदराबादकडं. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि एका रात्रीत आमचं हायकोर्ट मुंबईला गेलं. माझ्या आजोबांचा जमिनीचा दावा होता. तारखेला जायचं म्हणजे मीटरगेजनं मनमाड, मनमाडला गाडी बदलायची, मग मुंबई. तिथं पुढची तारीख मिळायची, की परत मनमाड. मनमाडच्या प्लॅटफॉर्मवर आजोबांची इतकी ओळख झाली होती म्हणे, की चहावाला निकाल विचारायचा. १९८१ साली औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं. वकिलांनी, पुढाऱ्यांनी त्यासाठी भांडण केलं ते कागदोपत्री न्यायाच्या सोयीसाठी. आजोबांच्या भाषेत सांगायचं, तर तारीख जाऊन-येऊन व्हायला लागली.

मग विमानतळाचं काय? नांदेडला २००८ मध्ये शिखांच्या गुरु-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला, त्या निमित्तानं विमानतळ नव्यानं उभा राहिला. २७ एप्रिल २०१७ ला स्वस्त विमानप्रवासाच्या सरकारी उडान योजनेची पहिली विमानं सुटली त्यात नांदेड-हैदराबाद होतं. २४६ किलोमीटर. तासाभराच्या, म्हणजे पाचशे किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला ठराविक जागांवर अडीच हजार रुपये, असं त्या योजनेचं गणित. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं मुलाच्या ॲडमिशनसाठी ती फेरी केली आणि पुढं कितीतरी दिवस स्टाफरूममध्ये ढगांचीच वर्णनं चालली. मग ते बंद. पुढं काही चालू, काही बंद. २०२४ च्या मार्चअखेरीस पुन्हा चालू. नांदेडच्या विमानाबद्दल बोलताना आमच्याकडं "सध्या" हा शब्द लावूनच बोलतात, पावसासारखं.

त्यातल्या त्यात मला खरी मौज वाटली ती अमृतसरची. नांदेडहून अमृतसरला थेट विमान सुरू झालं, ते होणारच होतं. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याला येणारा भाविक तिकडचा. चौदाशे किलोमीटरवर अंतर, सचखंड एक्स्प्रेसला दीड दिवसाच्या आसपास लागतो तिथं काही तासांत. चांगलंच झालं. पण त्याच वेळी नांदेडहून संभाजीनगरला, जिथं आमचं विभागीय आयुक्तालय, जिथं खंडपीठ, तिथं हवेतून अंतर २१५ किलोमीटर आणि थेट विमान शून्य. वेबसाइट तरी रेघ काढून दाखवतेच, तिला काय. तिकिटाच्या साइटवर टाकून बघा: हैदराबादवरून नाही तर मुंबईवरून वळसा, अख्खा दिवस, आणि पैसे एवढे की त्यात अमृतसर होऊन यावं. जालन्याच्या मोसंबीवर या दोन टाचण्या एकमेकींना चिकटतील, आणि त्यांच्यामध्ये हैदराबाद बसलेलं.

यावर उपाय म्हणून थेट विमान सुरू करावं असं मी म्हणणार नाही. एवढ्या अंतराला विमान म्हणजे सगळा पहिला टप्पाच, मीटर पडायच्या आत उतरायचं. विमानानं फायदा व्हायला अंतर तरी लांब हवं, नाही तर खालचा रस्ता तरी फारच वाईट हवा. दुसऱ्या अटीत आम्ही वर्षानुवर्षं बसत आलो, ही गोष्ट वेगळी. लातूरला धावपट्टी आहे, धाराशिवला आहे. पुढाऱ्यांचं विमान उतरतं, मंगलकार्याच्या सीझनला जरा जास्तच उतरतं. पण तिथल्या सामान्य माणसाला विचारा, त्याला आधी रेल्वे हवी. बीडच्या लोकांनी रेल्वेची किती वर्षं वाट पाहिली ते त्यांनाच माहीत. २०२५ च्या १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरकडून आलेली रेल्वे त्यांच्या स्टेशनात लागली, तेव्हा लोकांनी इंजिनाला हळद-कुंकू लावावं यात मला काहीच नवल वाटलं नसतं.

जमिनीवरचं अंतर मात्र गेल्या काही वर्षांत खरंच आकसलं. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला. ताशी १२० ची मर्यादा. संभाजीनगरची माणसं आता गाडी काढून चार-पाच तासांत ठाण्याला टेकतात. विमानतळावर आधी जाणं, नंतर मुंबईत अडकणं धरलं, तर विमानाची नि गाडीची जवळजवळ बरोबरी. जालना-मुंबई वंदे भारत २०२३ च्या डिसेंबरअखेर सुरू झाली, ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेडपर्यंत वाढली. नांदेड ते मुंबई साधारण साडेनऊ तास. वेगवान आहे, खुर्च्या छान आहेत, पण पहाटे निघून दुपारी पोचल्यावर मुंबईत कुठलं सरकारी काम होतं? म्हणजे मुक्काम. तासांनी गाव जवळ आलं, जाऊन-येऊनच्या हिशेबात होतं तिथंच राहिलं. त्या लॅपटॉपवाल्या मुलाचं जाऊन-येऊन व्हायचं ते विमानाच्या वेगानं नाही. त्याच्या गावाहून सकाळी एक विमान होतं आणि रात्री एक, त्यानं.

या वर्षी मी अकरावीच्या वर्गाला एक उपक्रम दिला. विमानाचं अंतर आणि वेळ वेबसाइटवरून काढा, आणि शेजारच्या रकान्यात आपल्या घराच्या उंबऱ्यापासून मुंबईतल्या एखाद्या नातेवाइकाच्या उंबऱ्यापर्यंतचा वेळ लिहा. विमान सकाळी सहाला नांदेडहून सुटतं असं धरा, म्हटलं, म्हणजे सगळ्यांना सारखं. शहरातल्या पोरांनी नीट कोष्टकं केली: रिक्षा, रेल्वे, काउंटर, उड्डाण, लोकल. एकानं लोकलला पाच मिनिटं लावली होती. त्याला मुंबई माहीत नसावी.

पालम तालुक्यातल्या एका वस्तीवरून येणाऱ्या मुलाचा कागद निराळा होता. उड्डाणाच्या रकान्यात त्यानं वेबसाइटवरचा आकडा उतरवला होता, १ तास ५ मिनिटं. शेजारी एकूण वेळ लिहिला होता, २३ तास. मी त्याला उभं केलं. तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडनं सकाळची पहिली गाडी सातला. तवर इमान गेलं. म्हणून आदल्या दिवशी निघायलोय." बरोबर होतं. पण मुक्कामाच्या जागी त्यानं 'नांदेड बसस्टँड' लिहिलेलं. त्याची मावशी नांदेडला असते हे मला माहीत होतं, म्हणून विचारलं, "बसस्टँडवर कामून रे? मावशीकडं जा की."

"मावशीकडं गेलं की ती दोन दिवस सोडत नाही मॅडम," तो म्हणाला. "मग इमानाचा टाइम अजून वाढतोय."